रुमालाखालचा पगार

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपल्या सेवकवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे त्याच वर्षी ‘नाइट्स’ या पुण्यातील आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामे देण्यास भाग पाडण्यात आले, असा आरोप केला. कंपनीने तो फेटाळला. या वादाचा निकाल काय लागायचा तो लागो. पण त्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शेजारच्या मेजावरचा माणूस गेला की नाही, गेला तर स्वखुशीने की धाकाने, त्याला काय मिळत होते आणि त्याच्या जागी येणाऱ्याला काय मिळणार, यांतील एकाही प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर हिंजवडीतील सामान्य अभियंत्यापाशी नव्हते. गिरणगावातील जेमतेम चौथी शिकलेल्या विणकराला आपल्या खात्यात माग किती, माणसे किती आणि शेजारच्या गिरणीत दर काय, हे तोंडपाठ असे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या, सातासमुद्रापलीकडच्या बँकांचे हिशेब बोटांवर खेळविणाऱ्या त्याच्या नातवाला शेजाऱ्याचा पगार ठाऊक नाही. ही प्रगती म्हणायची की अधोगती?

हिंजवडीपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर चाकणचा कांद्याचा बाजार आहे. तेथील महात्मा फुले मार्केट यार्डात माल उतरला की वक्कल लागते, खरेदीदार भोवती जमतात, आणि बोली मोठ्याने, चारचौघांत पुकारली जाते. शेतकरी आपल्या ढिगाशी उभा असतो. शेजारच्या ढिगाला काय भाव फुटला हे त्याच्या कानांवर पडते. हातात पडलेल्या पट्टीवरचा भाव कमी वाटला तर तो भांडू शकतो, कारण भांडायला त्याच्यापाशी आकडा असतो. बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचे संगनमत चालत नाही असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तेथेही साटेलोटे आहे, आणि त्याविरुद्ध शेतकरी वेळोवेळी लिलाव बंद पाडीत आलेला आहे. पण तो लिलाव बंद पाडू शकतो तो लिलाव उघड असतो म्हणूनच.

हा उघडेपणा कोणी दयाबुद्धीने बहाल केलेला नाही. पूर्वीची रीत वेगळी होती. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचे हात रुमालाखाली धरीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारी उभा राहून दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत असे. बैलबाजारात ही रीत आजही पुरती गेलेली नाही. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी त्याचा कायदा झाला. पुढे १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांचा जोरदार पुरस्कार केला. मुंबई इलाख्यात १९३९ चा कायदा आला आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६३ साली झाला. गोऱ्या साहेबाला कापूस स्वच्छ व वेळेवर हवा होता, हा त्यामागचा स्वार्थ उघडच आहे. तरीही एक तत्त्व त्यातून कायद्यात रुजले: विकणाऱ्याच्या समोर भाव पुकारला गेला पाहिजे.

कांद्याच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले, ते माणसाच्या श्रमशक्तीच्या बाबतीत मात्र मान्य नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन टप्प्यांत पसरलेल्या काचेच्या इमारतींत आजही रुमालाखालीच भाव ठरतो.

ही रीत कशी चालते ते नीट पाहण्यासारखे आहे. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो त्याच्या ज्ञानाविषयी नसतो; ‘सध्याचे सीटीसी काय, अपेक्षित सीटीसी काय’ हा असतो. पाठोपाठ मागील तीन महिन्यांच्या पगारपत्रिका मागितल्या जातात. म्हणजे विकणाऱ्याने आपला माल मागच्या बाजारात कितीला गेला याचा लेखी पुरावा द्यायचा, आणि घेणाऱ्याने त्या जागेसाठी किती रक्कम राखून ठेवली आहे हे सांगायचे नाही. कोणता शेतकरी असल्या अटीवर गाडी बाजारात नेईल? बरे, जे ‘सीटीसी’ म्हणून सांगितले जाते तेही हातात पडणारे वेतन नसते. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा असतो, उपदानाची रक्कम असते, मिळेल न मिळेल असा ‘व्हेरिएबल’ असतो. तोलाई, हमाली, आडत हे सारे शेतकऱ्याच्या उत्पन्नात धरून त्याला भाव सांगावा, तसाच हा प्रकार. आणि नोकरी मिळाली की नियुक्तिपत्रात किंवा कंपनीच्या नियमावलीत बहुधा एक ओळ असते: आपले वेतन गोपनीय आहे, ते सहकाऱ्यांना सांगू नये.

गोपनीय कोणापासून? मालकापासून तर नव्हेच. मालक मंडळींनी आपसांत माहितीची देवाणघेवाण करण्याची अत्यंत शास्त्रशुद्ध व्यवस्था उभी केलेली आहे. मर्सर, एऑन यांसारख्या बहुराष्ट्रीय सल्लागार संस्था दरवर्षी पगार-पाहणी करतात. कंपन्या आपापल्या सेवकांचे पद, अनुभव, शहर आणि वेतन यांचे तपशील अशा पाहणीत भरतात. संस्था ते एकत्र करून, नावे काढून, कोणत्या पदाला कोणत्या शहरात काय दिले जाते, मधला दर कोणता, वरच्या पावपट्टीचा कोणता, खालचा कोणता, असे तक्ते तयार करते आणि ते पाहणीत भाग घेणाऱ्या कंपन्यांना देते. मग प्रत्येक कंपनी ठरविते की आपण मधल्या दराला चिकटून राहायचे. सर्वच जण मधल्या दराला चिकटून राहिले म्हणजे पुढल्या वर्षीचा मधला दर काय निघणार, हे सांगायला सल्लागाराची गरज उरत नाही. यांत कोठे गुप्त बैठक नाही, कोठे लेखी करार नाही. कायद्याच्या चौकटीत राहून, पावती फाडून, सामुदायिक बाजार-संशोधनाच्या मार्गाने सारा मालकवर्ग एकमेकांच्या खिशात डोकावून पाहतो. आणि दरवर्षी होळीच्या सुमारास ‘यंदा सरासरी पगारवाढ एवढे टक्के राहील’ अशी या संस्थांची भाकिते वृत्तपत्रांत छापून येतात, तेव्हा लाखो नोकरदार ती हवामानाच्या अंदाजासारखी निमूटपणे वाचतात. पावसाचा अंदाज वर्तविणारा पाऊस पाडीत नसतो. हा अंदाज मात्र ज्यांच्या माहितीवर बांधला जातो तेच पाऊस पाडणारे असतात.

भांडवलशाहीचे आद्य गुरू ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालीच नोंदवून ठेवले आहे की मजुरी वाढू नये यासाठी मालकांची सदैव आणि सर्वत्र एक मूक एकी असते, आणि ती इतकी नेहमीची असते की तिची कोणी वाच्यताही करीत नाही. मुक्त बाजाराची जपमाळ ओढणाऱ्या मंडळींनी आपल्याच पोथीचे हे पान कधी उघडलेले दिसत नाही. हिंजवडीच्या बाबतीत वाच्यता झाली ती घरच्याच माणसाकडून. इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख टी. व्ही. मोहनदास पै यांनी २०१७ साली जाहीरपणे सांगितले की नवोदित अभियंत्यांचे पगार वाढू नयेत म्हणून मोठ्या कंपन्या आपसांत बोलतात आणि हे बरोबर नाही. पै हे काही डाव्या चळवळीचे सहप्रवासी नव्हेत. या विधानावर सरकारने कोणती चौकशी आरंभिली? २०१० च्या आगेमागे नव्याने भरती होणाऱ्या अभियंत्याला वर्षाला तीन-सव्वातीन लाख रुपये मिळत. पंधरा वर्षांनंतरही मोठ्या कंपन्यांत हा आकडा साडेतीन लाखांच्याच घरात घोटाळतो आहे. या काळात जीवनावश्यक वस्तूंच्या किमती दुपटीवर गेल्या. मागणी-पुरवठ्याचा नियम सांगणारे म्हणतात, अभियंते फार झाले. मग सिमेंटचे उत्पादन फार झाले की त्याचाही भाव असाच पंधरा वर्षे एका जागी का थांबत नाही?

अमेरिकेत हेच घडले तेव्हा तेथील न्यायखात्याने सप्टेंबर २०१० मध्ये ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी, इंट्युइट आणि पिक्सार या सहा कंपन्यांविरुद्ध, एकमेकांची माणसे फोडायची नाहीत असा आपसांत समझोता केल्याबद्दल कारवाई केली. अभियंत्यांनी स्वतंत्र दावा लावला, आणि २०१५ साली त्यांतील चार कंपन्यांना ४१.५ कोटी डॉलर मोजून तो मिटवावा लागला. आपल्याकडे काय झाले? २०२२ साली ‘नाइट्स’ने इन्फोसिसच्या नियुक्तिपत्रातील एक कलम केंद्रीय श्रम मंत्रालयापुढे नेले. नोकरी सोडल्यावर सहा महिनेपर्यंत, ज्या ग्राहकाचे काम केले त्याच ग्राहकाच्या कामासाठी टीसीएस, ॲक्सेंचर, आयबीएम, कॉग्निझंट, विप्रो या स्पर्धक कंपन्यांत जायचे नाही, असे ते कलम. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम धंदा-व्यवसायावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरविते, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मंत्रालयाने बैठक बोलावली, कंपनीने ही सर्वमान्य प्रथा असल्याचे सांगितले. सर्वमान्य! रुमालही एके काळी सर्वमान्यच होता.

येथे कोणी म्हणेल की आता काळ बदलला. आता नोकरदार आपापले पगार संगणकाच्या जाळ्यावर निनावीपणे नोंदवितात आणि ते कोणालाही फुकट पाहता येतात. मग रुमाल राहिला कोठे? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. म्हणूनच तो तपासला पाहिजे. नोकरदारांना एकमेकांना सांगावेसे वाटते, ही मूळ प्रेरणा निरोगी आहे. गूगलमधील एरिका बेकर यांनी काही सहकाऱ्यांसह एका साध्या तक्त्यात आपले पगार लिहून तो इतरांपुढे ठेवला, आणि पाहता पाहता त्यात इतरांनी भर घातली. २०१५ साली त्यांनी ही हकिकत जाहीर केली तेव्हा त्या तक्त्याच्या आधारे काहींनी पगारवाढ मागून मिळविल्याचे समजले. एका साध्या तक्त्याची ही शक्ती. पण हीच देवाणघेवाण जेव्हा एखाद्या कंपनीच्या दुकानात होते तेव्हा काय होते? नोकरदारांनी फुकट दिलेल्या पगार-माहितीवर उभी राहिलेली ग्लासडोअर ही कंपनी २०१८ साली जपानच्या रिक्रूट होल्डिंग्जने १२० कोटी डॉलरला विकत घेतली. आपल्याकडची ॲम्बिशनबॉक्स ही नोकरी डॉट कॉम चालविणाऱ्या इन्फो एज या कंपनीच्या मालकीची आहे, आणि नोकरी डॉट कॉमचा खरा ग्राहक म्हणजे माणसे शोधणारा मालक. आपला पगार त्या चौकटीत टाइप करणाऱ्या एकाही अभियंत्याला त्या १२० कोटी डॉलरांतील छदाम मिळाला नाही. कामगाराने आपल्याविषयीचे ज्ञानही मालकाच्या कोठारात नेऊन भरावे आणि त्यातील मूठभर वानगी म्हणून परत मिळाली की धन्य व्हावे, याला सहकार म्हणत नाहीत. दुधाचा सहकार आणि दुधाचा गवळी यांतील भेद ज्यांना कळतो त्यांना हे अधिक सांगणे नलगे.

शिवाय निनावी नोंदीला वजन किती? सभेत उभे राहून आकडा मांडणे निराळे आणि अंधारात चिठ्ठी टाकणे निराळे. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत वेतनकरार झाला की तो वृत्तपत्रांत येतो, पेढे वाटले जातात, कराराची प्रत एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर जाते, आणि शेजारच्या कारखान्याची संघटना पुढल्या मागणीपत्रात तोच आकडा पायरी म्हणून वापरते. गेली पन्नास वर्षे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात हे लोकांचे बाजार-संशोधन विनामूल्य चालू आहे. २०१३ साली बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील कामगार पन्नास दिवस संपावर गेले तेव्हा त्यांच्या मागण्यांत प्रत्येकाला एक रुपया दराने पाचशे समभाग द्यावेत अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही, संपही पगारवाढीशिवाय मागे घ्यावा लागला. पण मागणी हवेतून आली नव्हती; ज्यांनी कंपनीचा नफा आकड्यांनिशी वाचला होता त्यांनी ती केली होती. याच पट्ट्यात कंत्राटी कामगार, ‘शिकाऊ’ म्हणून वर्षानुवर्षे राबणारी मुले, २०१३ साली सुरू झालेल्या ‘निम’ योजनेखाली भरलेले तरुण, यांच्यापर्यंत मात्र कराराचा तो कागद पोहोचला नाही, ही कामगार चळवळीची उणीव आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ठेकेदाराचा रुमाल हिंजवडीच्या रुमालापेक्षा जाड आहे.

हिंजवडीत तर एक विलक्षण विसंगती आढळते. तेथे रात्री पहारा देणाऱ्या सुरक्षारक्षकाचे आणि फरशी पुसणाऱ्या बाईचे किमान वेतन राज्याच्या राजपत्रात छापून येते. ते त्यांना प्रत्यक्ष मिळते की नाही हा भाग वेगळा, पण दर तरी जाहीर आहे. जो त्या फरशीवरून चालत जातो त्या पदवीधराचा दर मात्र गुलदस्त्यात. स्वतःला ‘प्रोफेशनल’ म्हणवून घेण्यात त्याला भूषण वाटते, संघटना म्हणजे गिरणीवाल्यांचे काम असे त्याला शिकविण्यात आले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तांत्रिक काम करणाऱ्याला कामगारच म्हटले आहे, पर्यवेक्षक व व्यवस्थापक यांच्यासाठी काय अपवाद केले असतील ते असोत. या संहितांनी कामगारांचे जे हिरावून घेतले त्याची चर्चा स्वतंत्रपणे केली पाहिजे. पण कायदा ज्याला कामगार म्हणतो तोच स्वतःला कामगार म्हणायला लाजतो, ही स्थिती मालकांना सोयीची आहे.

गोपनीयतेच्या समर्थकांचा सर्वांत आवडता युक्तिवाद असा की पगार उघड झाले तर सहकाऱ्यांत मत्सर माजेल, गुणवत्तेची कदर करणे अशक्य होईल. गुणवत्तेनुसारच वेतन दिले जात असेल तर ते लपवायचे कारण काय? परीक्षेचे गुण फलकावर लागतात म्हणून शाळा बंद पडलेल्या नाहीत. मत्सराची भीती नाही, भीती आहे ती हिशेबाची. एकच काम करणाऱ्या पुरुषाला आणि स्त्रीला समान वेतन द्यावे असा कायदा या देशाने १९७६ साली केला. आता ती तरतूद वेतन संहितेत आली आहे. पण शेजारच्या पुरुषाला काय मिळते हेच जिला कळू दिले जात नाही, त्या स्त्रीने दाद कशाच्या आधारावर मागायची? अमेरिकेत अलाबामा राज्यातील गुडइयरच्या टायर कारखान्यात लिली लेडबेटर १९७९ पासून पर्यवेक्षक म्हणून काम करीत होत्या. निवृत्तीच्या तोंडावर, १९९८ साली, कोणीतरी त्यांच्या हाती एक निनावी चिठ्ठी पोहोचविली. तीवर त्यांचा आणि त्याच पदावरील पुरुषांचा पगार लिहिलेला होता. त्यांनी दावा केला आणि २००७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की तक्रार करायला उशीर झाला. अन्याय सुरू झाल्यापासून १८० दिवसांत यायला हवे होते. जो अन्याय कळूच दिला नाही त्याविरुद्ध मुदतीत यायला हवे होते! या निर्णयावर एवढा क्षोभ उसळला की जानेवारी २००९ मध्ये तेथील संसदेला कायदा बदलावा लागला. एका कागदाच्या चिटोऱ्याला एकोणीस वर्षे लागली.

सरकारने या बाबतीत कामगाराच्या बाजूने उभे राहावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी सरकारचे स्वतःचे वर्तन डोळ्यांपुढे आणावे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्या जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले, कारण आयोगाने संमत केलेली रोजगार-पाहणी सरकार प्रसिद्ध करीत नव्हते. निवडणूक उरकल्यावर मे अखेरीस ती प्रसिद्ध झाली, तेव्हा बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के असल्याचे दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ ची कुटुंबांच्या खर्चाची पाहणी सरकारने प्रसिद्धच न करण्याचे ठरविले. जनतेच्या पैशाने, जनतेच्या दारोदार जाऊन गोळा केलेली माहिती जनतेलाच नाकारली. आणि ज्या माहितीला बाजारात किंमत येते तिचे काय केले? मार्च २०१९ मध्ये परिवहन मंत्रालयाने वाहन-नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आखले. व्यापारी संस्थेला वर्षाला तीन कोटी रुपये, शिक्षणसंस्थेला पाच लाख. ते धोरण जून २०२० मध्ये रद्द करावे लागले, तोवर आणि त्याआधीपासून मिळून या माहितीवर सरकारने शंभर कोटींहून अधिक रुपये मिळविल्याचे पुढे संसदेत सांगण्यात आले. चाकणला मोटारी घडविणाऱ्या कामगाराने हप्त्यावर दुचाकी घेतली तर तिच्या नोंदीचाही त्या मालात समावेश. बेकारीचा आकडा दडवायचा आणि दुचाकीचा आकडा विकायचा, असे हे माहितीचे अर्थशास्त्र आहे.

महाराष्ट्राला याहून वेगळी परंपरा आहे, आणि तिचा विसर पडू देता कामा नये. पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी संस्थेच्या आरंभीच्या काळातच जो विषय हाती घेतला तो होता पुण्यातील फळबाजार. बागाईतदारापासून गिऱ्हाइकापर्यंत फळ कोणाकोणाच्या हातांतून जाते, कोण किती काढून घेतो, याची ती पाहणी १९३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ते शब्दशः बाजार-संशोधनच होते. मात्र ते एखाद्या आडत्याने पैसे देऊन करविलेले आणि त्याच्याच तिजोरीत बंद झालेले संशोधन नव्हते. ज्याला वाचायचे त्याने वाचावे असे ते होते. दुसरे उदाहरण मुंबईचे. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता किंमत-निर्देशांकाशी बांधलेला होता. हा निर्देशांक प्रत्यक्ष महागाईच्या मागे रखडतो, अशी तक्रार कामगार संघटनांनी लावून धरली. तज्ज्ञ हसले. निर्देशांक म्हणजे शास्त्र, कामगाराला त्यातले काय कळते? पण रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला डाळीचा भाव संख्याशास्त्रज्ञापेक्षा अगोदर कळतो. १९६३ सालच्या महागाईविरोधी आंदोलनाच्या रेट्याखाली राज्य सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांची समिती नेमावी लागली आणि समितीने निर्देशांकात दोष असल्याचे मान्य केले. दशकभराने याच मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्याही बाजारभाव जिभेच्या टोकावर घेऊनच.

आज हिंजवडी ज्या जमिनीवर उभी आहे तिचीही एक कथा आहे. शरद पवार यांनी ती अनेकदा सांगितली आहे: तेथे सहकारी साखर कारखाना व्हायचा होता, पण ती जागा माहिती-तंत्रज्ञानासाठी ठेवावी असे त्यांनी ठरविले आणि कारखाना दुसरीकडे हलविण्यात आला. संत तुकाराम साखर कारखाना आज कासारसाई-दारुंब्रे येथे आहे. हा निर्णय दूरदृष्टीचा होता असे सांगितले जाते, आणि रोजगाराच्या दृष्टीने तो होताही. पण ज्या जमिनीवर दर हंगामाला उसाचा दर जाहीर झाला असता, सर्वसाधारण सभेत त्यावरून खुर्च्या फेकल्या गेल्या असत्या, शेजारच्या कारखान्याने किती दिला म्हणून सभासदाने अध्यक्षाला धारेवर धरले असते, त्याच जमिनीवर आज भावाचा उच्चार करणे हा शिस्तभंग ठरतो.

यात जगावेगळे काही मागायचे नाही. युरोपीय संघाने मे २०२३ मध्ये वेतन-पारदर्शकतेचा आदेश संमत करून सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यानुसार उमेदवाराला वेतनाची श्रेणी अगोदर सांगावी लागते, त्याचा मागील पगार विचारता येत नाही, आणि कोणालाही आपले वेतन सहकाऱ्याला सांगण्यास बंदी करता येत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून, कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत वेतनश्रेणी देणे बंधनकारक केले. वेतनाविषयी सहकाऱ्यांशी बोलण्याचा हक्क तेथील कामगारांना १९३५ च्या कायद्यापासून आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच प्रकल्पावर काम करणाऱ्या दोन अभियंत्यांपैकी कॅलिफोर्नियातल्याला जे छापून द्यावे लागते, ते हिंजवडीतल्याने विचारले तर उद्धटपणा ठरतो. ‘जागतिक दर्जा’ या शब्दांचा अखंड जप करणाऱ्या मंडळींनी हा दर्जा मात्र विमानतळावरच सोडून दिलेला दिसतो.

महाराष्ट्र विधिमंडळाने यासाठी स्वतंत्र कायदा करावा. जाहिरातीत वेतनश्रेणी, मागील पगारपत्रिका मागण्यास मनाई, गोपनीयतेचे कलम रद्दबातल, आणि ज्या पगार-पाहणीत कंपनी भाग घेते तिचे तक्ते कर्मचारी संघटनेलाही त्याच वेळी, विनामूल्य. या चार गोष्टींसाठी कोणत्याही कंपनीचे दिवाळे वाजणार नाही. पण कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. नाइट्ससारख्या संघटना आज मुख्यतः तक्रारी लिहितात, मंत्रालयांना निवेदने देतात. ते काम हवेच. त्याच्या जोडीला त्यांनी स्वतःची पगार-पाहणी हाती घ्यावी. पद, अनुभव, कंपनी, हातात पडणारी रक्कम, स्त्री की पुरुष, कायम की कंत्राटी, एवढे सहा रकाने पुरेत. माहिती सभासदांनी द्यावी, पगारपत्रिकेवरून ती पडताळावी, देणाऱ्याचे नाव संघटनेपाशीच राहावे, आणि एकत्र केलेला तक्ता कोणालाही फुकट मिळावा. आकडे कसे जुळवायचे हे शिकविण्यासाठी बाहेरून कोणी आणण्याची गरज नाही. जगभरच्या कंपन्यांचे बाजार-विश्लेषण करून देणारी शेकडो माणसे पुण्यातच बसलेली आहेत, आणि त्यांचाही पगार गोपनीयच आहे. तक्ता तयार झाला की तो मराठीत आणि इंग्रजीत छापावा, आणि सकाळी बस व मोटारी वाकडच्या पुलापासून रांगत पहिल्या टप्प्याकडे येतात, त्या तासभराच्या खोळंब्यात खिडकीखिडकीतून वाटावा.